बिनदाखल्याचा विद्यार्थी

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा महाराष्ट्रात जो आनंदोत्सव झाला तो सर्वथा उचित होता; परंतु त्याच बैठकीत पाली आणि प्राकृत ह्या भाषांनाही तोच मान मिळाला, ह्या गोष्टीची आपल्याकडे घ्यावी तितकी दखल घेतली गेली नाही. वास्तविक ह्या तिन्ही भाषांचे नाते इतके निकटचे आहे की एकीचा सन्मान होत असता दुसरीकडे पाठ फिरवणे मराठी माणसाला शोभत नाही. शिवाय १९५६ च्या नागपूरच्या धर्मांतरापासून त्रिशरण आणि पंचशील ह्यांचे पाली शब्द महाराष्ट्रातील लक्षावधी घरांतून नित्य उच्चारले जात आहेत, आणि ज्या प्रांतात ही प्राचीन भाषा एवढ्या ओठांवर आहे त्या प्रांतानेच तिच्या अभ्यासाची सोय जुजबी ठेवावी, हे मला कधीच समजलेले नाही. अभिजात दर्जाबरोबर अध्यासने येतील, परिषदा भरतील, इमारतींचे आराखडे मंजूर होतील. त्या सर्वांचे स्वागतच आहे. पण त्या खर्चाचा पहिला वाटा कोणासाठी असावा, ह्याविषयी मला आग्रहाने काही सांगावयाचे आहे, आणि ते सांगण्यासाठी आधुनिक काळात पाली भाषा महाराष्ट्रात ज्यांनी रुजवली त्या धर्मानंद कोसंबी ह्यांच्या आयुष्याकडे मागे वळून पाहणे मला अगत्याचे वाटते.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील सांखवाळ गावी झाला. पोर्तुगीज अमलाखालील त्या मुलखात मराठी शिक्षणाची स्थिती दीनवाणी होती, आणि ह्या मुलाच्या वाट्याला शाळा आली ती तुटक तुटकच. प्रकृती नाजूक, घरची स्थिती बेताची, वडिलांना नारळीच्या बागायतीत हाताखाली माणूस हवा. तेव्हा ज्या वयात मुलांनी वर्गात बसावे त्या वयात हा मुलगा माडांची आणि पाण्याची व्यवस्था पाहत होता, आणि मिसरूड फुटते न फुटते तोच त्याचे लग्नही होऊन गेले होते. इंग्रजी शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. तुकारामबोवांची गाथा मात्र हाती आली, आणि संसारात मन न रमणाऱ्या ह्या तरुणाला तिने पुष्कळ वर्षे आधार दिला.

पुढे एक दिवस ‘बालबोधमेवा’ ह्या मुलांसाठी निघणाऱ्या मराठी मासिकात त्याने बुद्धाचे चरित्र वाचले. हे मासिक अमेरिकन मिशनचे होते. ख्रिस्ती मिशनऱ्यांनी मराठी बालकांसाठी काढलेल्या मासिकातून गोव्यातील एका सारस्वत ब्राह्मणाला बुद्ध भेटावा आणि त्या भेटीने त्याच्या आयुष्याची दिशा कायमची पालटावी, ह्यात मला तरी विद्येच्या संचाराचा खरा मार्ग दिसतो. विद्या कोणत्या वाटेने, कोणाच्या घरी, कोणत्या वेषात जाऊन पोहोचेल ह्याचा हिशेब आधी मांडता येत नाही. बुद्ध हाच आपला गुरू आणि त्याचा धर्म मुळातून जाणून घेणे हेच आपले जीवितकार्य, असे त्या तरुणाच्या मनाने घेतले. आणि ज्या भाषेत तो धर्म लिहिलेला आहे ती भाषा आपणास येत नाही, ती शिकण्यासाठी लागणारे संस्कृत येत नाही, परप्रांती जाण्यास पैसा नाही, ह्यांपैकी कोणतीही अडचण त्याला निर्णायक वाटली नाही.

१८९९ च्या अखेरीस त्याने घर सोडले. मागे तरुण पत्नी बाळाबाई आणि काही महिन्यांची मुलगी होती. कोसंबींच्या चरित्राचे गोडवे गाताना ही गोष्ट आपण बहुधा एका वाक्यात उरकतो, आणि ते मला अन्यायाचे वाटते. पुन्हा घरी येण्यास त्यांना सुमारे सात वर्षे लागली; त्या सात वर्षांत बाळाबाईंनी काय सोसले असेल, नातलगांचे बोलणे कसे ऐकले असेल, पित्याचे तोंडही न आठवणाऱ्या मुलीच्या प्रश्नांना कोणती उत्तरे दिली असतील, ह्याचा त्यांनी स्वतः लिहिलेला वृत्तान्त आपल्यापाशी नाही. एकाच्या विद्येची किंमत घरातील दुसऱ्या माणसाने अशी मुकाट्याने चुकवली, आणि ह्या मुद्द्याकडे मी पुढे पुन्हा येणार आहे.

पुण्यास आल्यावर ह्या अनोळखी तरुणाला डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर ह्यांचा आश्रय मिळाला. आशिया खंडात कीर्ती पसरलेला हा महापंडित आणि ज्याच्यापाशी एकाही परीक्षेचे प्रशस्तिपत्र नाही असा कोकणपट्टीतला मुलगा, ह्यांची गाठ पडू शकली, ह्याचे श्रेय त्या काळच्या पुण्याला दिलेच पाहिजे. पुण्याहून ग्वाल्हेर आणि ग्वाल्हेरीहून काशी असा त्याचा मार्ग पुढे गेला. काशीस गंगाधरशास्त्री तेलंग ह्यांच्या पाठशाळेत त्याने संस्कृताचे अध्ययन केले. राहण्यास पडेल ती जागा, अन्नछत्रातले जेवण, आणि बाकीचा सर्व काळ ‘कौमुदी’ ह्या व्याकरणग्रंथाच्या घोकंपट्टीत. तेवढ्यावर त्या दोन वर्षांत त्याने संस्कृताची अशी बैठक घातली की पुढे पाली शिकताना तीच त्याच्या कामी आली. त्या अन्नछत्रांविषयी मात्र भाबडेपणाने बोलून चालणार नाही. काशीतील बहुतेक छत्रे ब्राह्मणांपुरतीच होती; वेदशास्त्रांची पाठशाळाही त्यांच्यासाठीच. विद्यार्थ्याला विनादाखला, विनाशुल्क, वर्षानुवर्षे पोसणारी ही थोर व्यवस्था होती खरी, परंतु तिचा उंबरठा जातीचा होता, आणि तो ओलांडण्याचा परवाना कोसंबींना जन्मानेच मिळाला होता. त्यांच्याच वयाच्या, त्यांच्याइतक्याच जिज्ञासू अशा किती तरी मुलांना त्या पंक्तीपासून दूर राहावे लागले असेल.

काशीहून तो नेपाळात गेला. बुद्धाच्या जन्मभूमीच्या परिसरात बुद्धाचा धर्म जिवंत सापडेल अशी त्याची आशा होती. तेथे जे दिसले त्याने त्याचे समाधान झाले नाही. तेथून तो बुद्धगयेस आला; बुद्धगयेहून कलकत्ता आणि कलकत्त्याहून १९०२ मध्ये सिंहलद्वीप. कोलंबोच्या मालिगाकंद भागात हिक्कडुवे सुमंगल महास्थविरांनी १८७३ मध्ये स्थापन केलेले विद्योदय परिवेण होते. परिवेण म्हणजे विहाराला जोडलेली पाठशाळा. येणाऱ्याचा हेतू विद्येचा आणि आचरण शुद्ध असेल, तर त्याला तेथे निवारा, भिक्षान्नातील वाटा आणि गुरूचा वेळ मिळे. तेथेच कोसंबींनी श्रामणेराची, म्हणजे नवशिक्या भिक्षूची, दीक्षा घेतली. भाषा परकी, अन्न परके, लिपी परकी. नागरी अक्षरांवर वाढलेल्या ह्या विद्यार्थ्याने सिंहली लिपीतून पाली ग्रंथ वाचण्यास आरंभ केला. पुढे ब्रह्मदेशात जाऊन बर्मी लिपीही आत्मसात केली, भिक्षूची दीक्षा घेतली आणि ध्यानाभ्यासही केला. आज एखाद्या विद्यापीठात ‘बहुभाषिक पाठचिकित्सा’ म्हणून जे शिकवले जाते, ते ह्या माणसाने कोणत्याही विद्यापीठात नाव न घालता विहारांच्या ओसरीवर बसून साध्य केले.

त्याच्या श्रद्धेचा प्रकारही लक्षात घेण्यासारखा आहे. बुद्धावर त्याची निष्ठा एवढी की त्यापायी त्याने घरदार सोडले, तरीही बुद्धचरित्रातील जो भाग मुळातील प्राचीन सुत्तांच्या कसोटीला उतरत नाही तो बाजूस ठेवण्यास तो कचरला नाही. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाला वैराग्य आले, ही सर्वतोमुखी झालेली कथा कोसंबींनी स्वीकारली नाही; शाक्य आणि कोलीय ह्यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून जे कलह होत, त्यांतील शस्त्रांच्या मार्गाचा उबग येऊन त्याने गृहत्याग केला, असे प्रतिपादन त्यांनी ‘भगवान बुद्ध’ ह्या ग्रंथात केले. ज्याच्या चरणी आयुष्य वाहिले त्याच्याच चरित्रातील अद्भुत कमी करून त्याला अधिक मानवी करणे, हे धैर्य मला भक्तीचे अत्युच्च रूप वाटते.

१९०६ मध्ये चीवर उतरवून ते पुन्हा गृहस्थ झाले आणि कलकत्त्यास पाली शिकवू लागले. येथे त्यांच्या आयुष्यातील एक व्यवहार मी थोडा थांबून सांगतो, कारण माझे सारे म्हणणे त्याच्याभोवती फिरते. कलकत्ता विश्वविद्यालयात दरमहा २५० रुपये वेतन आणि मानमरातबाची जागा त्यांना मिळत होती. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. परंतु बंगाल्यात पाली शिकवणारे इतर मिळतील, महाराष्ट्रात मात्र बुद्धाचे नाव पोथीबाहेर काढणारा कोणी नाही, ही रुखरुख त्यांना स्वस्थ बसू देईना. अशा वेळी बडोद्याचे सयाजीराव गायकवाड ह्यांनी तीन वर्षेपर्यंत दरमहा ५० रुपयांची नेमणूक देऊ केली. अटी दोनच: महाराष्ट्रात कोणत्याही शहरी राहावे, आणि वर्षाकाठी एक पुस्तक बडोदे सरकारसाठी लिहावे. हजेरीपट नाही, त्रैमासिक अहवाल नाही, परीक्षेचा दाखला जोडण्याचा हुकूम नाही. कोसंबींनी २५० रुपये सोडले आणि ५० रुपये पत्करले.

त्या नेमणुकीतून काय निष्पन्न झाले ते पाहावे. बडोद्यास दिलेली व्याख्याने ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ ह्या नावाने १९१० मध्ये ग्रंथरूपाने आली. भांडारकरांच्या साहाय्याने मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पालीचा प्रवेश झाला, आणि १९१२ पासून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात कोसंबी पालीचे अध्यापन करू लागले. पुरुषोत्तम विश्वनाथ बापट ह्यांच्यासारखा विद्यार्थी त्यांना तेथेच लाभला. पुढे १९५६ मध्ये बुद्धजयंतीच्या अडीच हजाराव्या वर्षानिमित्त भारत सरकारने जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्याचे संपादन ह्याच बापटांनी केले. गुरुशिष्यांच्या ह्या नात्यात स्नेहाचा अंश मोठा होता. शाळेपासून वंचित राहिलेला माणूस उत्तम शिक्षक होतो तेव्हा तो शिष्यामध्ये आपला सहाध्यायी शोधतो, असे मला ह्या चरित्रावरून वाटू लागले आहे. सयाजीरावांच्या बाबतीत एवढेच सांगतो की पुढे १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर नावाच्या तरुणाला अमेरिकेस धाडणारी शिष्यवृत्तीही ह्याच संस्थानिकाच्या खजिन्यातून निघाली. आधुनिक महाराष्ट्राच्या बौद्ध विद्येचे दोन्ही प्रवाह एका माणसाच्या गुणग्राहकतेपाशी येऊन मिळतात, आणि त्या दोन्ही रकमा एखाद्या शासकीय समारंभाच्या मंडपखर्चाहून अधिक नव्हत्या.

हार्वर्डची हकिकत ह्या सर्वांहून विलक्षण. हेन्री क्लार्क वॉरन नावाचा अमेरिकन पंडित बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ ह्या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करीत असता, दोन बर्मी आणि दोन सिंहली ताडपत्री पोथ्यांवरून पाठ जुळवण्याचे काम अर्धवट ठेवून, १८९९ च्या आरंभी निवर्तला. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस, त्याचे नावही न ऐकलेला गोव्यातील एक तरुण पुण्याच्या वाटेला लागला. अकरा वर्षांनी, १९१० मध्ये, हेच अपुरे काम पुरे करण्यासाठी हार्वर्डच्या जेम्स वुड्स ह्यांनी कोसंबींना बोलावून नेले. त्या पोथ्यांच्या दोन्ही लिप्या वाचू शकणारा, बुद्धघोषाचा आशय गुरुमुखातून शिकलेला, स्वतः ध्यान करून पाहिलेला असा माणूस कोणत्या पदवीधरांच्या यादीत सापडला असता? श्रेयाच्या प्रश्नावरून तेथे मतभेद झाले, कोसंबी मानी होते, त्यांनी मिंधेपणा पत्करला नाही. काम वर्षानुवर्षे रेंगाळले. तरी ते पुनःपुन्हा हार्वर्डला गेले. १९४० मध्ये भारतीय विद्या भवनाने त्यांची नागरी लिपीतील आवृत्ती काढली, आणि हार्वर्डची आवृत्ती १९५० मध्ये, त्यांच्या निधनानंतर, वॉरन आणि कोसंबी अशा दोघांच्या नावांनिशी प्रसिद्ध झाली. मधल्या काळात १९१८ च्या प्रवासात त्यांनी थोरली मुलगी माणिक आणि मुलगा दामोदर ह्यांना बरोबर नेले. ज्या पित्याला सांखवाळात धड शाळा मिळाली नाही त्याचा मुलगा अमेरिकेतील केंब्रिजच्या शाळेत शिकला आणि दामोदर धर्मानंद कोसंबी ह्या नावाने गणिती व इतिहासकार म्हणून जगन्मान्य झाला.

बाकीचा प्रवास मी थोडक्यात सांगतो: गुजरात विद्यापीठातील अध्यापन, १९२९ मधील लेनिनग्राड, मिठाच्या सत्याग्रहातील कारावास, १९३७ मध्ये परळच्या कामगारवस्तीत उभा केलेला बहुजन विहार, आणि ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे आलेला शेवट, जो त्यांनी दीर्घ उपोषणाच्या अंती पूर्ण शांतपणे स्वीकारला. आयुष्याच्या मध्यावर, १९२४ मध्ये, त्यांनी ‘निवेदन’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध केले. ते साध्या, निरलंकार मराठीत लिहिलेले आहे, आणि शाळेच्या वरच्या इयत्तांतील मुलांनी ते वाचावे असे मला मनापासून वाटते.

आता ह्याच तरुणाने आज घर सोडले तर काय होईल? वय तेविसाच्या पुढे, पदवी नाही, शाळा सोडल्याचा दाखला नाही, विवाहित, एका अपत्याचा पिता, आणि मागणे एवढेच की मला श्रीलंकेत जाऊन अमुक विहारात अमुक ग्रंथ शिकू द्या. आपल्याकडील शिष्यवृत्त्यांचे नियम कोणीही काढून पाहावेत: मान्यताप्राप्त संस्थेतील प्रवेश, पूर्वीच्या परीक्षेतील गुणांची टक्केवारी, वयोमर्यादा. त्याचा अर्ज अभ्यासिकेपर्यंत जाणारच नाही. छाननीच्या टेबलावरच तो अपूर्ण म्हणून बाजूस पडेल, आणि नियमाप्रमाणे पाहता कारकुनाचा त्यात काही दोषही असणार नाही. २०१३ मध्ये केंद्रीय लोकसेवा परीक्षेच्या वैकल्पिक विषयांतून पाली वगळली गेली, तेव्हापासून तर ह्या भाषेकडे वळण्याचे व्यावहारिक निमित्तही क्षीण झाले आहे. म्हणजे जो येईल तो निव्वळ ओढीने येईल, आणि अशा ओढीने येणाऱ्यासाठीच आपल्या दफ्तरात रकाना नाही.

ह्यावर एक आक्षेप आहे आणि तो वजनदार आहे. दाखला, गुण, वय ह्या अटी रद्द केल्या की निवड करणाऱ्याच्या मर्जीला वाव मिळतो; संस्थानिकाच्या लहरीवर विद्या अवलंबून राहावी ही स्थिती जाऊन लेखी नियम आले, ही दुर्बलांच्या हक्काचीच प्रगती आहे; तुम्ही तिला उलट फिरवू पाहता काय? हा आक्षेप घेणाऱ्यांत माझे काही स्नेही आहेत आणि त्यांची चिंता मला रास्त वाटते. काशीच्या छत्रांचा उंबरठा मी वर सांगितलाच आहे. परंतु नियम लेखी असावा आणि तो दाखल्याचा असावा, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उमेदवारासमोर न पाहिलेला पाली उतारा ठेवावा, त्याने तो वाचून अर्थ सांगावा, तिघा परीक्षकांनी स्वतंत्रपणे लेखी मत नोंदवावे आणि ती मते जाहीर करावीत. ह्यात मर्जीला जागा कोठे उरते? उलट, खेड्यातील बुद्धविहारात एखाद्या भन्तेजींपाशी बसून धम्मपद शिकलेली मुलगी, जिला बारावीनंतर घरच्या अडचणीमुळे शिक्षण सोडावे लागले, तिला आपले खरे सामर्थ्य दाखवण्याची संधी अशाच परीक्षेत मिळेल.

तेव्हा माझी मागणी स्पष्ट आहे. महाराष्ट्र आणि गोवा ह्या दोन्ही सरकारांनी मिळून पालीसाठी कोसंबींच्या नावे नेमणुका सुरू कराव्यात. त्यांना वयाची आणि पदवीची अट नसावी. मुदत तीन वर्षांची असावी, कारण सयाजीरावांनीही तेवढीच दिली होती आणि एक लिपी, एक व्याकरण आणि एक मोठा ग्रंथ पचवण्यास तेवढा काळ लागतोच. नेमणूक मिळालेल्याने पुण्यास, नागपुरास, कोलंबोस वा यांगोनच्या विहारात, जेथे त्याला हवा तो गुरू मिळेल तेथे राहावे, आणि मुदतीअखेर एक पुस्तक मराठीत लिहून द्यावे. रकमेत अवलंबून असलेल्या माणसांच्या निर्वाहाचा भाग स्वतंत्र असावा आणि तो थेट त्यांच्या हाती पडावा, म्हणजे ह्यापुढे कोणा बाळाबाईला सात वर्षे एकटीने तो भार वाहावा लागणार नाही, आणि लहान मूल पदरी असलेल्या बाईलाही स्वतः ह्या वाटेने जाता येईल. निवडीसाठी उमेदवारांना मुंबईस बोलावू नये; परीक्षकांनीच नागपूर, नांदेड, कोल्हापूर आणि पणजी येथे जावे, आणि उमेदवाराच्या गावापासून तेथवरचे येण्याजाण्याचे भाडे सरकारने त्याला आगाऊ द्यावे.